कणादांचा परमाणू आणि वऱ्हाडातील उडीद

सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलखात, कापूस, तूर आणि उडीद यांवर ज्याची खरिपाची सारी भिस्त त्या वऱ्हाडातील वरवट बकाल या गावाच्या शिवारात उभे राहून अणुविज्ञानाचा आढावा घ्यावा, असे कोणी सुचविल्यास वाचकास ते विक्षिप्त वाटेल. परंतु या विद्येचा एक धागा थेट येथील काळ्या जमिनीपर्यंत आलेला आहे.

कणादांच्या परंपरेतील वैशेषिकांनी परमाणू मानला तो निव्वळ तर्काच्या बळावर. झरोक्यातील उन्हात तरंगणारा रजःकण हे त्र्यणुक, त्यात सहा परमाणू, आणि विभाजनाला कोठे तरी विराम हवाच, अन्यथा मेरू आणि मोहरी सारखीच ठरतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रयोगाचा दाखला नसला तरी त्याची धार अव्वल दर्जाची होती, हे कबूल केले पाहिजे. डाल्टनने १८०८ साली रासायनिक वजनांवरून अणूची पुनःस्थापना केली, तीही अविभाज्य म्हणूनच. आणि १८९७ मध्ये टॉमसनने इलेक्ट्रॉन शोधताच त्या अविभाज्यतेचा निकाल लागला.

पण खरी उलथापालथ मँचेस्टरला झाली. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावेपर्यंत बसून, सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडच्या पडद्यावरील चमका एकेक करून मोजण्याचे कंटाळवाणे काम गायगर आणि तरुण विद्यार्थी मार्सडेन यांनी १९०९ मध्ये केले, तेव्हा धातूच्या पातळ पत्र्यावर सोडलेल्या अल्फा कणांपैकी सुमारे आठ हजारांतून एखादा चक्क माघारी फिरलेला आढळला. त्यावरून १९११ साली रदरफर्डने अनुमान काढले की, अणूचे जवळजवळ सारे वस्तुमान एका अतिसूक्ष्म केंद्रकात साठलेले असून बाकीचा प्रदेश बहुतांशी रिता आहे. बोरच्या कक्षा, चॅडविकचा न्यूट्रॉन, १९३८ मधील युरेनियमचे विखंडन, हा पुढला इतिहास बॉम्बच्या निमित्ताने सर्वांस ठाऊक आहे. मला तो त्याच कारणाने एकांगी वाटतो.

आपल्याकडे तुर्भ्याला ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. वीज व शस्त्रे यांच्या गाजावाजात बियाण्यांवर किरण सोडून नवे वाण काढण्याचे तेथील काम मागे पडले. गॅमा किरण बियाण्यातील अणूंचे इलेक्ट्रॉन उडवून लावतात, त्यामुळे जनुकद्रव्यात बिघाड होतात, त्यांपैकी बहुतेक निरुपयोगी; क्वचित एखादा हिताचा निघतो आणि तो पिढ्यानपिढ्या निवडीत टिकवावा लागतो. बी स्वतः किरणोत्सारी होत नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगितलेली बरी. अशाच एका उत्परिवर्तित उडदाचा टी-९ या जुन्या वाणाशी संकर करून तुर्भ्याचे अणुकेंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्याने टीएयू-१ हा वाण १९८५ साली प्रसृत झाला. त्याच जोडीने १९९१ मध्ये टीएजी-२४ हा भुईमूगही दिला. अकोल्याच्या शेजारच्या या मुलखातील शेतकऱ्याने मृग बरसताच उडीद पेरताना त्यामागील रदरफर्डची विचारपूस केली नाही, तर त्यात नवल नाही; त्याला पडलेला प्रश्न बाजारसमितीतील भावाचा असतो, आणि सातबाऱ्यावरील पीकपेऱ्याच्या रकान्यात तलाठी नुसते ‘उडीद’ एवढेच लिहीत असे.