काचेतलं पोवळ्याचं अंगण

पोवळं म्हटलं की आपल्याला आठवते ती मंगळाची अंगठी. हेच पोवळं जिवंत असतं, खातं-पितं, रात्री मिटतं, हे मला न्यू जर्सीत संसार थाटल्यावर कळलं. २०१० पासून आमच्या दिवाणखान्यात २० गॅलनची, म्हणजे साधारण ७५ लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. मैत्रिणी विचारतात, ‘‘हे नखरेल प्रकरण तुला झेपतं कसं गं?’’ अहो, नखरे काही सगळ्याच प्रवाळांचे नसतात!

प्रवाळ हा प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर अन्न तयार करून आपल्या यजमानालाही देतं. म्हणून दिवा चांगला हवा. दगडी सांगाड्याच्या प्रवाळांना पाण्यात कॅल्शियम सतत लागतं. मऊ प्रवाळांचं तसं नाही. नवशिकीनं तिथूनच सुरुवात करावी. रंगीत बटणांसारखे झोॲन्थिड, मंद उजेडातही खूश असणारे मशरूम आणि हिरवळीसारखा पसरणारा ग्रीन स्टार पॉलिप. हा शेवटचा मात्र वेगळ्या दगडावर ठेवा, नाही तर भटाला दिली ओसरी!

टाकी भरली की लगेच प्रवाळ आणायचे नाहीत. दगडांवर उपयोगी जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे जातात. तेच अमोनियासारखी घाण पचवतात. पाणी आरओचं घ्यावं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि तांबं या जिवांना बाधतं. तापमान २५-२६ अंश सेल्सिअस, खारेपणाच्या मापकावर १.०२५. पाण्याची वाफ होते, मिठाची नाही. त्यामुळे रोज कमी झालेलं पाणी गोडंच घालायचं. मिठाचं पाणी फक्त आठवड्याला दहा टक्के बदलताना. बस्स, लोणच्याच्या बरणीपेक्षा थोडी जास्त काळजी!

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. काही झोॲन्थिडांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्यांना हात लावू नका. त्यांचा दगड खरवडू नका, उकळत्या पाण्यात तर मुळीच टाकू नका, कारण ती वाफ माणसाला इस्पितळात पोचवते. टाकीच्या बादल्या आणि ब्रश स्वयंपाकघरात आणायचे नाहीत, हा आमच्या घरचा कायदाच आहे.

खरी परीक्षा झाली २०१२ च्या ऑक्टोबरात. सॅन्डी वादळ आलं आणि आमची वीज गेली ती पाच दिवस. अंधाराचं एवढं भय नव्हतं. थंडी आणि अडलेला प्राणवायू, हे खरे वैरी. बॅटरीवरचा हवेचा पंप लावला, टाकीला आईनं शिवलेली गोधडी गुंडाळली. काडीनं गॅस पेटवून पाणी तापवायचं, बाटल्यांत भरून टाकीत तरंगत सोडायचं. मुलगा आणि हे आळीपाळीनं रात्री उठायचे. झेनिया विरघळली, ती गेलीच. मशरूम आक्रसले, झोॲन्थिडांनी तोंडं मिटून घेतली. वीज आल्यावर तिसऱ्या दिवशी पहिलं नारिंगी बटण उघडलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही खारंच!

ठाण्याची भाची फोनवर म्हणते, ‘‘आत्या, येताना एक तुकडा आण ना!’’ मी साफ नाही म्हणते. असे जीव बॅगेत घालून देशोदेशी न्यायचे नसतात. शिवाय दगडी प्रवाळांना भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. किनाऱ्यावरून त्यांचा मेलेला तुकडा उचलणंसुद्धा गुन्हा आहे. आणि तिला लांब कशाला जायला हवं? मुंबईच्या खडकांवरही प्रवाळ आहेत. कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीचे काही प्रवाळ २०२० मध्ये दुसरीकडे हलवावे लागले होते. मालवणच्या समुद्रात तर त्यांची वस्तीच आहे. ओहोटीची वेळ बघून जा म्हटलं, डोळे भरून पाहा आणि रिकाम्या हातानं परत ये.