शिक्षकांसाठीची वेबसाइट शिक्षकांना सोबत घेऊन का बनवायची?

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. ‘पाचवीच्या अपूर्णांकांची कृतिपत्रिका कुणाकडे आहे का? उद्याच हवी आहे.’ थोड्या वेळात कुणीतरी पीडीएफ टाकतं आणि काम भागतं.

गंमत म्हणजे तशी कृतिपत्रिका एखाद्या शैक्षणिक वेबसाइटवर बऱ्याचदा आधीच पडून असते. ती तयार करायला पैसा आणि मेहनत लागलेली असते, पण शिक्षक तिथपर्यंत पोहोचत नाहीत. मग कुणीतरी ठरवतं, वेबसाइट जुनी झाली, नवी करू. रंग बदलतात, मोठे फोटो येतात. ग्रुपवरचा तो मेसेज मात्र येतच राहतो.

घोळ नेमका कुठे होतो?

अशा वेबसाइटची मांडणी अनेकदा कार्यालयाच्या सोयीने केलेली असते. प्रकल्प, उपक्रम, प्रशिक्षण, परिपत्रके, ई-साहित्य. शिक्षकाच्या डोक्यातला क्रम वेगळा असतो. इयत्ता कोणती, विषय कोणता, घटक कोणता आणि उद्याच्या तासाला काय घ्यायचं?

त्यातही शाळेगणिक गरज बदलते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत मुलं असतील, तर दोन शिक्षक मिळतात. म्हणजे दोघांत पाच वर्ग. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्या वर्गाला काहीतरी काम द्यावंच लागतं. अशा वेळी 20 मिनिटांच्या व्हिडिओपेक्षा एका पानात मावणारी, काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरही स्पष्ट दिसणारी कृतिपत्रिका जास्त उपयोगाची. ही गोष्ट वर्गात उभं राहणाऱ्यालाच ठाऊक असते.

मग एक फॉर्म भरून घेतला की झालं?

नाही. ‘वेबसाइट कशी वाटली?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘छान आहे, उपयुक्त आहे.’ मत विचारण्यापेक्षा काम करताना बघणं महत्त्वाचं. त्यासाठी तीन साध्या पद्धती आहेत.

पहिली, काम देऊन गप्प बसायचं. ‘चौथीच्या परिसर अभ्यासाची एक कृती शोधा’ असं सांगायचं आणि शिक्षक कुठे क्लिक करतात, कुठे अडतात, शोधपट्टीत कोणता शब्द टाकतात ते टिपायचं. मदत करायची नाही.

दुसरी, कार्डांची पद्धत. प्रत्येक साहित्याचं नाव एकेका कार्डावर लिहायचं आणि शिक्षकांना त्यांच्या मनाने गठ्ठे करायला सांगायचं. गठ्ठ्यांना नावंही त्यांनीच द्यायची. शिक्षक ज्याला ‘टाचण’ म्हणतात, त्याला वेबसाइटवर ‘अध्यापन आराखडा’ म्हटलं असेल, तर ते इथेच कळतं. केंद्राच्या शिक्षण परिषदेत तासाभरात हे करता येईल.

तिसरी, आधी कागदावर. प्रोग्रॅमिंग सुरू होण्याआधी पानांची चित्रं काढून दाखवायची. कागद फाडून नवा घेता येतो. तयार झालेली वेबसाइट कुणी फाडत नाही.

याला शेकडो शिक्षक लागत नाहीत. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2000 साली मांडलं होतं की पाच जणांसोबत चाचणी केली तरी बहुतेक अडचणी समोर येतात. 15 जणांची एकच मोठी चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घ्या आणि दर फेरीनंतर दुरुस्ती करा, असा त्यांचा सल्ला होता.

ही कल्पना आली कुठून?

1970 च्या दशकात नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये कारखान्यांत संगणक येऊ लागले. ते कसे असावेत हे ठरवण्यात आपलाही वाटा हवा, अशी मागणी कामगार संघटनांनी केली. 1981 मध्ये सुरू झालेल्या ‘युटोपिया’ प्रकल्पात तर वर्तमानपत्राची पानं लावणाऱ्या कामगारांनी संशोधकांसोबत बसून नव्या यंत्रणेचे नमुने पुठ्ठ्याच्या खोक्यांपासून करून पाहिले. ज्याचं काम, त्याचं ज्ञान, हे त्यामागचं सूत्र.

महाराष्ट्रात असं काही घडलंय?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की त्या धड्याच्या कविता, व्हिडिओ आणि स्वाध्याय उघडायचे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. 5 सप्टेंबर 2017 ला सुरू झालेल्या केंद्राच्या ‘दीक्षा’ या मंचावरचं साहित्यही पुस्तकातल्या कोडवरून उघडतं. 2020 मध्ये डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं.

यातली खरी गोम तंत्रज्ञानाची नाही. क्यूआर कोड जुनाच होता. पण पुस्तक रोज मुलांच्या हातात असतं आणि शोधत बसायला वेळ नसतो, हे शिक्षकाला माहीत होतं. म्हणून शोधण्याची पायरीच गेली.

कोणत्या शिक्षकांना बोलवायचं?

इथे नेहमीची चूक होते. ‘तंत्रस्नेही’ शिक्षक तेवढे बोलावले जातात. ते कुठल्याही वेबसाइटवर वाट काढतात. ज्यांनी एकदा उघडून पुन्हा पाहिलीच नाही, ज्यांच्या गावात रेंज येते-जाते, जे निवृत्तीला आले आहेत, त्यांनाही टेबलावर जागा हवी. शिवाय हे काम शाळेच्या वेळेत, कामाचा भाग म्हणून व्हायला हवं. अशैक्षणिक कामांच्या यादीत आणखी एकाची भर नको.

आणि शेवटी हिशोब द्यायला हवा. कोणती सूचना घेतली, कोणती नाही आणि का. एकदा विचारून गायब झालात, तर पुढच्या वेळी कुणी मनापासून सांगणार नाही.

एक धोका लक्षात ठेवा

नवी वेबसाइट करताना जुने पत्ते बदलले, की शिक्षकांच्या टाचणातल्या, ग्रुपवरच्या लिंक बंद पडतात. छापलेला क्यूआर कोड तर दुरुस्तही करता येत नाही. म्हणून जुना पत्ता नव्या पानाकडे वळवणं हे रंगसंगतीच्या आधीचं काम आहे.

तुम्ही शिक्षक असाल आणि कुणी अभिप्राय मागितला, तर ‘छान’ लिहून सोडू नका. मी काय शोधत होतो, कोणता शब्द टाकला आणि कुठे अडलो, एवढ्या तीन ओळी लिहा. वेबसाइट सुधारायला त्याच उपयोगी पडतात.