माहितीचीही मुदत पाहा

‘डॉक्टरसाहेब, मी इंटरनेटवर वाचलंय,’ हे वाक्य हल्ली दवाखान्यात रोज कानी पडते. यात रागावण्यासारखे काही नाही. आपल्या आजाराची माहिती करून घेणे हा रुग्णाचा हक्कच आहे. मी मात्र प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो, ‘ती माहिती कोणत्या सालची?’ बहुतेकांना उत्तर देता येत नाही. औषधाच्या बाटलीवरची मुदत आपण डोळे बारीक करून वाचतो. माहितीची मुदत पाहण्याची सवय मात्र आपल्याला नाही.

मागील वर्षी कुत्रा चावलेले एक शेतकरी चौथ्या दिवशी माझ्याकडे आले. मुलाने मोबाइलवर शोध घेतला, तेव्हा ‘पोटात चौदा इंजेक्शने’ असे सांगणारे एक जुने पान त्याला सापडले होते. त्या धास्तीने घरात चार दिवस नुसती चर्चा चालली. वास्तविक, पोटात दिली जाणारी ती जुनी लस आपल्या देशात २००४ साली बंद झाली. आताची लस दंडात देतात. स्नायूत घेतल्यास पाच वेळा, त्वचेत घेतल्यास चार वेळा. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. खोल जखमेत लसीसोबत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागली, की रोगी वाचत नाही असेच समजावे. या गृहस्थांना उशिरा का होईना, सर्व उपचार मिळाले व ते सुखरूप आहेत. पण शिळ्या माहितीने चार मोलाचे दिवस खाल्ले.

असे का होते? गूगलसारखे शोधयंत्र मुख्यतः आपल्या शब्दांशी जुळणारी आणि इतर अनेक पानांनी ज्यांचा हवाला दिला आहे अशी पाने वर आणते. नवे ते वर, जुने ते खाली, अशी त्याची मांडणी नसते. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचे पानही पहिल्या क्रमांकावर दिसू शकते. क्षयरोग्याला पोषणासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचेच पाहा. २०१८ साली ती दरमहा ५०० रुपये होती; नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. जुने पान वाचणारा रोगी ५०० रुपयांवरच समाधान मानून बसेल.

यावर उपाय सोपे आहेत.

१) शोध घेतल्यावर ‘टूल्स’ या पर्यायात जाऊन ‘एनी टाइम’ऐवजी ‘पास्ट इयर’ निवडावे. म्हणजे गेल्या वर्षभरातील पाने समोर येतात.

२) शोधशब्दांपुढे इंग्रजीत ‘आफ्टर’, लगेच विसर्गासारखी दोन टिंबे व साल असे जागा न सोडता लिहिले, तरी त्या सालानंतरचीच पाने मिळतात.

३) पानावरची तारीख पाहावी, पण तिच्यावर विसंबू नये. काही जण जुनाच मजकूर ठेवून वरची तारीख तेवढी बदलतात. मजकुरात शेवटचा उल्लेख कोणत्या सालचा आहे, तेही पाहावे.

४) माहिती देणारा कोण, हे तपासावे. जागतिक आरोग्य संघटना किंवा केंद्र व राज्याचे आरोग्य खाते यांची पाने आधी उघडावीत. ‘प्रायोजित’ असे लिहिलेले दुवे म्हणजे जाहिराती होत.

५) इंग्रजी वाचणाऱ्यांनी ‘पबमेड’ पाहावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही सूची १९९७ पासून सर्वांना मोफत खुली आहे. तेथे सालानुसार निबंध निवडता येतात व मागे घेतलेल्या निबंधांवर तशी खूणही असते.

एक इशारा मात्र द्यायला हवा. ताजे ते सारेच खरे नसते. मार्च २०२० मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे कोरोनावरचे औषध म्हणून जगभर गाजले. जूनमध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीने रुग्णालयातील रोग्यांना त्याचा उपयोग होत नाही असे दाखवले. म्हणून एखाद्या नव्या निबंधाने हुरळून जाऊन चालू असलेली गोळी बंद करू नये. अनेक अभ्यास पारखून तज्ज्ञांनी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांची अलीकडची आवृत्ती हाच भरवशाचा आधार.

आणि वाचकहो, छातीत कळ आली, साप चावला, मूल बेशुद्ध पडले, तर मोबाइलवर शोधत बसू नका. त्यावरून १०८ क्रमांक फिरवा. एरवी जे वाचाल ते सालासकट कागदावर लिहून आपल्या डॉक्टरांना जरूर दाखवा. तुमच्या प्रकृतीला त्यातले काय लागू पडते, हे तुम्हाला तपासलेला डॉक्टरच सांगू शकतो.