बीजांडकोशाच्या शस्त्रक्रियेनंतरची मासिक पाळी : काही शंका, काही खुलासे

स्त्रीरोग विभागाच्या कार्याचा आढावा घेताना केवळ शस्त्रक्रियांची संख्या नोंदवून थांबणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. शस्त्रक्रिया तासा-दोन तासांत आटोपते. तिच्याविषयीची धास्ती मात्र त्या भगिनीच्या मनात व घरात कित्येक महिने मुक्काम करून असते. रिसोड, मालेगाव, मानोरा, मंगरूळपीर, कारंजा या तालुक्यांतून येणाऱ्या भगिनी टाके काढण्याच्या दिवशी दबक्या आवाजात बहुधा एकच प्रश्न विचारतात : "पाळी पहिल्यासारखी येईल ना?" पुष्कळदा हा प्रश्न सोबत आलेल्या सासूबाईच विचारतात, आणि त्यामागे दुसरा न विचारलेला प्रश्न असतो : "मूल होईल ना?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे आप्त यांच्यासमोर एकत्र मांडावीत, या हेतूने हा लेख दिला आहे.

गर्भाशय वेगळे, बीजांडकोश वेगळा

आपल्याकडे बोलताना सारेच अवयव 'पिशवी' या एका शब्दात सामावले जातात. वस्तुतः गर्भाशय एक असते व त्याच्या दोन्ही बाजूंस बदामाएवढा एकेक बीजांडकोश असतो. दर महिन्यास बीज पक्व करणे आणि इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके तयार करणे, ही बीजांडकोशाची दोन कामे. या संप्रेरकांच्या आज्ञेने गर्भाशयाचे आतील अस्तर वाढते व ती ओसरली की गळून पडते; हीच मासिक पाळी. म्हणजे रक्तस्राव गर्भाशयातून होत असला, तरी त्याचे वेळापत्रक बीजांडकोश ठरवितो. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत केवळ गर्भनलिका बंद केल्या जातात. बीजांडकोशास हात लावला जात नाही.

काय काढले, त्यावर सारे अवलंबून

पहिला प्रकार केवळ गाठ काढण्याचा. यात गाठ सोलून काढून बीजांडकोश जागेवर राखला जातो. पाळी सहसा पूर्ववत होते. मात्र आत जुने रक्त साचलेल्या, 'चॉकलेट सिस्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाठी बीजांडकोशास घट्ट चिकटलेल्या असतात. त्या काढताना काही निरोगी बीजेही जातात. मुलीच्या जन्माच्या वेळी असलेला बीजांचा साठा पुढे कमीच होत जातो, म्हणून अपत्याची इच्छा असलेल्या भगिनींनी याविषयी शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे.

दुसरा प्रकार एक बीजांडकोश काढण्याचा. 'एकच राहिला, आता पाळी महिन्याआड येणार' हा समज सर्रास आढळतो. तो खरा नाही. उरलेला बीजांडकोश दर महिन्याचे काम एकटा सांभाळतो, पाळी येत राहते व गर्भधारणाही होऊ शकते. रजोनिवृत्ती थोडी लवकर येण्याचा संभव असतो, इतकेच.

तिसरा प्रकार दोन्ही बीजांडकोश काढण्याचा. येथे पाळी त्याच दिवसापासून कायमची थांबते. नैसर्गिक रजोनिवृत्ती काही वर्षांत हळूहळू येते. ही एका दिवसात येते. अंगातून वाफा निघणे, रात्री घाम येणे, झोप उडणे, चिडचिड होणे, योनिमार्ग कोरडा पडणे ही लक्षणे म्हणूनच तीव्र असतात. तरुण वयात असे घडल्यास हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा भगिनींना, विशिष्ट कर्करोगासारखी अडचण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरकांचे उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देता येतात. "पाळी गेली, कटकट गेली" असे म्हणून हा विषय घरात मिटवू नये.

चौथा प्रकार केवळ गर्भाशय काढण्याचा. यातही पाळी थांबते, परंतु बीजांडकोश राखले असल्यास संप्रेरके सुरूच राहतात.

पहिले काही महिने

शस्त्रक्रियेनंतर दोन-चार दिवसांत थोडा रक्तस्राव झाल्यास घाबरू नये. संप्रेरके एकाएकी घटल्याने किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गर्भाशयात साधन ठेवल्याने तसे होते. पहिली पाळी चार ते सहा आठवड्यांत, कधी लवकर, कधी उशिरा येते. पहिल्या दोन-तीन पाळ्यांत स्राव कमी-अधिक होतो व पोटातही अधिक दुखते. बीज पाळीच्या आधी पक्व होत असल्याने पहिली पाळी येण्यापूर्वीही गर्भ राहू शकतो, हे दांपत्याने ध्यानात ठेवावे.

तासाला एक पॅड भिजेल इतका स्राव, ताप, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, पोट फुगणे अथवा वाढत जाणारी वेदना असल्यास त्याच दिवशी रुग्णालयात यावे. पेरणी-सोंगणीची कामे आटोपण्याची वाट पाहू नये. तीन महिने पाळी न आल्यास प्रथम गर्भधारणेची तपासणी व नंतर आवश्यकतेनुसार एफएसएच, एएमएच या रक्ताच्या तपासण्या केल्या जातात.

एका कागदाचे मोल

"गोळा काढला" एवढेच अनेक भगिनींना आपल्या शस्त्रक्रियेविषयी ठाऊक असते. वर्षा-दोन वर्षांनी पाळी थांबली, की बीजांडकोश आहेत की नाहीत हे त्यांना सांगता येत नाही व उपचाराची दिशा चुकते. अज्ञानाची किंमत किती मोठी असते, हे बीड जिल्ह्याने महाराष्ट्रास दाखविले. २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. पुढे २०२२ साली केंद्र शासनाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या व एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत स्वीकारण्याचे निर्देश राज्यांना दिले. हंगामी कामासाठी घर सोडणारी कुटुंबे आपल्या वाशीम जिल्ह्यातही आहेत. तेव्हा हा धडा आपलाही आहे.

म्हणून आमची प्रत्येक कुटुंबास विनंती आहे, की शस्त्रक्रियेपूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : नेमके काय काढणार, काय राखणार, आणि शस्त्रक्रियेवाचून दुसरा उपाय आहे काय. साध्या पाण्याच्या अनेक लहान गाठी दोन-तीन महिन्यांत आपोआप विरतात. त्यांस पुन्हा सोनोग्राफी करून पाहणे एवढेच पुरते. घरी जाताना काय काढले व काय राहिले हे मराठीत लिहून घ्यावे, गाठीच्या तपासणीचा अहवाल त्यास जोडावा आणि तो कागद शेताच्या सातबाऱ्याइतकाच जपून ठेवावा.

दात्यांच्या साह्यातून शस्त्रक्रियागृह उभे राहते, यंत्रे येतात. त्याबद्दल आम्ही सदैव ऋणी आहोत. परंतु रुग्ण भगिनीजवळ बसून, तिच्या भाषेत, तिच्या शरीराविषयी दहा मिनिटे बोलणे हेही त्याच दानाचे फळ आहे, अशी आमची नम्र धारणा आहे. ती दहा मिनिटे कोणत्याही भगिनीस कमी पडू नयेत, यासाठी आपला लोभ असाच राहावा, ही प्रार्थना.