शोध कुणाचा, नाव कुणाचे?

२०१५ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या भौतिकशास्त्रातील मातब्बर नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हिग्ज कणाचे वस्तुमान अधिक अचूकपणे सांगणारा हा निबंध ३३ पानांचा होता. त्यातली नऊ पाने शोधाची आणि संदर्भांची. उरलेली २४ पाने कशाची, तर लेखकांची नावे आणि त्यांच्या संस्था यांची! जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत काम करणाऱ्या दोन चमूंचे मिळून ५,१५४ लेखक या निबंधाला होते. त्यांत आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञही होते. लग्नपत्रिकेत आतेमामांपासून ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या चिमुरड्यांपर्यंत सर्वांची नावे घालण्याची हौस आपल्याकडे आहेच. पण इथे पत्रिकाच वऱ्हाडात हरवून गेली होती.

याच विषयात १९०५ साली आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी सापेक्षतेवरचा आपला निबंध एकट्याच्या नावावर छापला होता. त्यात पूर्वसुरींच्या एकाही निबंधाचा संदर्भ नव्हता. शेवटी मिशेल बेसो या मित्राचे आभार तेवढे होते. एक लेखक ते पाच हजार लेखक या प्रवासात विज्ञान बदलले, हे तर खरेच. मोठी यंत्रे एकट्यादुकट्याने चालत नाहीत. परंतु ‘लेखक’ हा शब्द मात्र आपण तोच ठेवला. निबंधावर नाव असणे म्हणजे नेमके काय असणे, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहिला. आणि ज्याचे नीट उत्तर ठाऊक नाही, त्याच नावांची मोजदाद करून नोकऱ्या, बढत्या आणि अनुदाने वाटली जाऊ लागली. सगळा घोळ इथे आहे.

आधी नावांच्या क्रमाचेच पाहा. गणितात लेखकांची नावे सहसा वर्णानुक्रमे लावतात. पहिला मोठा, शेवटचा धाकटा असे काही नसते. जीवशास्त्रात आणि वैद्यकात पहिले नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे, शेवटचे प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे आणि मधली मंडळी त्या दोघांच्या दरम्यान कुठेतरी. म्हणजे तीच तीन नावे गणितज्ञ एका रीतीने वाचणार आणि जीवशास्त्रज्ञ दुसऱ्या. निवड समितीवर मात्र दोघेही शेजारी बसलेले असतात.

या क्रमाशी थट्टाही झाली आहे. राल्फ आल्फर या तरुण संशोधकाने विश्वाच्या आरंभी मूलद्रव्ये कशी घडली यावर पीएच.डी.चे काम केले. त्याचे मार्गदर्शक जॉर्ज गॅमो मोठे विनोदी गृहस्थ. १९४८ साली निबंध छापायची वेळ आली तेव्हा आल्फर आणि गॅमो यांच्या मध्ये त्यांनी हान्स बेथे यांचे नाव घालून टाकले. का, तर ‘अल्फा, बीटा, गॅमा’ असा क्रम जुळावा! बेथे यांचा त्या कामाशी संबंध नव्हता. वाचणाऱ्यांची करमणूक झाली, पण आल्फरला तो विनोद पुढे बोचत राहिला. दोन दिग्गजांच्या मध्ये हे अनोळखी नाव कुणाचे, असे विचारण्याची तसदी कोण घेणार? १९७५ साली तर अमेरिकेतील एका भौतिकशास्त्रज्ञाने चक्क आपल्या मांजराला सहलेखक केले. एकट्याने लिहूनही ‘आम्ही’ म्हटले होते, टंकलिखित प्रत पुन्हा करण्याचा कंटाळा आला, म्हणून दुसरा लेखक जोडला. निबंध छापलाही गेला.

नको ते नाव येणे हा विनोदाचा भाग झाला. हवे ते नाव नसणे किंवा असूनही न दिसणे, याला मात्र हसता येत नाही. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीच्या कागदी आलेखावर एक बारीकशी विचित्र खूण दिसली. तिने ती सोडून दिली नाही, पुनःपुन्हा शोधली. त्यातून स्पंदक ताऱ्यांचा शोध लागला. १९६८च्या निबंधावर पाच नावे होती. पहिले मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांचे, दुसरे बेल यांचे. १९७४चे नोबेल मात्र ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळाले. आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांनी या निर्णयावर उघड टीका केली. स्वतः बेल यांनी कटुता धरली नाही. अगदी अपवाद वगळता विद्यार्थ्यांना नोबेल देऊ नये, असेच त्यांनी पुढे म्हटले. २०१८ साली त्यांना ३० लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला, तेव्हा ती सारी रक्कम त्यांनी भौतिकशास्त्रात ज्यांना सहसा जागा मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली.

याहून बोलके उदाहरण समाजशास्त्रातले आहे. ज्याच्यापाशी कीर्ती आहे त्याच्याकडेच आणखी श्रेय वाहत जाते, हा सिद्धान्त रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली मांडला. बायबलमधील मॅथ्यूच्या वचनावरून त्याला ‘मॅथ्यू परिणाम’ म्हणतात. या निबंधाचा मोठा आधार होता तो हॅरिएट झुकरमन या संशोधिकेने नोबेल विजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखती. निबंधावर नाव मात्र एकट्या मर्टन यांचे. तो निबंध दोघांच्या नावे यायला हवा होता, हे त्यांनी पुढे १९७३ साली लेखी कबूल केले. श्रेय कसे चुकीच्या माणसाकडे जाते हे सांगणाऱ्या निबंधातच श्रेय चुकले! १९९३ साली मार्गारेट रॉसिटर यांनी स्त्री-संशोधकांचे श्रेय पुरुषांच्या खात्यावर जमा होण्याच्या प्रकाराला स्वतंत्र नावच दिले: ‘मॅटिल्डा परिणाम’.

असे असले तरी मोठ्या मनाची माणसेही याच व्यवहारात असतात. १९२४ साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस या अप्रसिद्ध प्राध्यापकाने आपला निबंध आइन्स्टाइनकडे पाठवला. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये अनुवादित केला आणि एकट्या बोसांच्या नावाने छापायला दिला. स्वतःचे नाव जोडायला त्यांना कुणी अडवले असते?

हे झाले श्रेयाचे. आता मोजमापाकडे वळू. युजीन गारफिल्ड या अमेरिकन माहितीतज्ज्ञाने १९५५ साली अशी कल्पना मांडली की, कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी कोणी केला याची सूची करावी. एका कल्पनेचा माग पुढच्या वाङ्मयात काढता यावा, हा हेतू. सूचीत कोणती नियतकालिके घ्यायची हे ठरवताना त्यातूनच ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ निघाला: मागील दोन वर्षांत छापलेल्या निबंधांचा यंदा सरासरी किती वेळा उल्लेख झाला तो आकडा. म्हणजे हे माप नियतकालिकाचे, निबंधाचे नव्हे; लेखकाचे तर नव्हेच. वर्गाची सरासरी ७० आहे म्हणून त्या वर्गातल्या प्रत्येकाला ७० गुण द्यावेत, तसा प्रकार पुढे सुरू झाला. २००५ साली जॉर्ज हिर्श यांनी माणसासाठीही माप काढले, तो ‘एच-निर्देशांक’. ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी निदान दहा वेळा उल्लेख झाला, त्याचा निर्देशांक दहा. गंमत अशी की, ज्याने आयुष्यात तीनच निबंध लिहिले आणि त्या तिन्हींनी विषयाची दिशा बदलली, त्याचा निर्देशांक तीनवरच थांबतो. हे माप काही वेळा साफ फसते आणि त्याचे दुष्परिणामही होतात, असे २०२० साली खुद्द हिर्श यांनी लिहिले. तोवर ते जगभरच्या अर्जांच्या छापील रकान्यांत जाऊन बसले होते.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या कामाला गुण देण्याची पद्धत आणली. हेतू वाईट नव्हता. वशिल्यापेक्षा आकडा बरा, असा विचार त्यामागे होता. पण सहलेखकांची वाटणी कशी करायची? २०१८च्या नियमावलीतले गणित मोठे मजेदार आहे. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. दोनांपेक्षा अधिक असतील तर प्रमुख लेखकाला ७० आणि इतर प्रत्येकाला ३०. म्हणजे एकट्याने लिहिले तर एका निबंधाचे श्रेय १००, दोघांनी लिहिले तर १४०, चौघांनी लिहिले तर १६०! एका भाकरीचे चार तुकडे केले की दीड भाकरी होते, हे कोणत्याही गृहिणीला जमले नसते. ते नियमावलीने करून दाखवले. मग ‘तुझ्यावर माझे नाव घाल, माझ्यावर तुझे घालतो’ असा सहकार जन्माला आला तर त्यात नवल ते काय?

आणि मागणी आली की दुकाने येतातच. पैसे भरा, आठवड्यात निबंध छापून घ्या, अशी नियतकालिके उगवली. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची झडती घेतली. विद्यापीठांनी सुचवलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी छाननी केली, त्यांतली सुमारे ८८ टक्के निकृष्ट निघाली. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांहून अधिक नावे यादीतून काढली. पुढे पुणे विद्यापीठात कक्ष स्थापून नवी, काटेकोर यादी करण्यात आली. २०२५ साली आयोगाने तीही बंद केली आणि जबाबदारी संस्थांवर सोपवली. याद्या आल्या आणि गेल्या, निबंध वाचून पाहण्याचा कंटाळा तेवढा कायम राहिला.

या सगळ्याचा भार पडतो तो सर्वांत खालच्या पायरीवर. तालुक्याच्या गावातून आलेली, घरातली पहिलीच पदवीधर असलेली संशोधक विद्यार्थिनी रात्ररात्र जागून नोंदी करते, आणि निबंध छापून येतो तेव्हा तिचे नाव तिसरे असते; पहिले सरांचे, दुसरे विभागप्रमुखांचे. तिने विचारायचे कुणाला? प्रबंधावर सही सरांचीच हवी असते. त्यातून तिचे लग्न झाले, आडनाव बदलले, की आधीचे निबंध संगणकाच्या लेखी दुसऱ्याच कुणा बाईंचे होतात. पाटील, जोशी, कुलकर्णी यांच्या आद्याक्षरांचे घोटाळे वेगळेच. २०१२पासून संशोधकांना ‘ऑर्किड’ नावाचा सोळा अंकी ओळख क्रमांक मिळू लागला, तो याच अडचणीवरचा उपाय.

या फूटपट्टीने आपलीच माणसे मोजून पाहा. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी ६१७४ या संख्येचा चमत्कार शोधला. अंक सारेच सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. फार तर सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४वर येता. आपल्या पुस्तिका ते पदरमोड करून छापत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले तेव्हा कुठे जगाचे त्यांच्याकडे लक्ष गेले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड सिद्ध केले, तेही मराठीत. इम्पॅक्ट फॅक्टर: शून्य. आजच्या निवड समितीपुढे हे दोघे मुलाखतीलाही पोचले नसते.

उपाय नाहीत असे नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा एक गट १९७८ साली कॅनडात व्हँकुव्हरला जमला होता. पुढे त्यांनी दंडक घातला की, ज्याचा कामात खरा वाटा आहे, ज्याने लेखनात भाग घेतला आहे, ज्याने अंतिम मसुदा मान्य केला आहे आणि जो साऱ्या निबंधाची जबाबदारी घेतो, तोच लेखक. नुसता निधी मिळवून देणारा किंवा विभागाचा प्रमुख म्हणून वरून देखरेख करणारा लेखक नव्हे. त्याचे आभार मानावेत. गेल्या दहा-बारा वर्षांत दुसरीही एक पद्धत रुळते आहे. कल्पना कुणाची, प्रयोग कुणी केला, आकडेमोड कुणाची, पहिला खर्डा कुणाचा, अशा १४ भूमिका ठरवून प्रत्येकापुढे नावे लिहायची. मराठी नाट्यरसिकाला हे नवे वाटू नये. पडदा उघडण्यापूर्वी नेपथ्य अमक्याचे, प्रकाशयोजना तमक्याची, रंगभूषा आणखी कुणाची, हे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. नटसम्राटाची भूमिका करणाऱ्याला त्यामुळे कमीपणा आलेला नाही. मोजमापाच्या बाबतीतही नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाची किंमत करू नका, त्याचे काम वाचा, असे सांगणारा सॅन फ्रान्सिस्कोचा जाहीरनामा २०१३ साली निघाला आणि जगभरच्या हजारो संस्थांनी त्यावर सह्या केल्या.

सह्या करणे सोपे असते. खरी कसोटी आपल्या विद्यापीठांतल्या त्या बंद दारांमागच्या बैठकीत लागते. अर्जदाराला ‘तुमचे निबंध किती?’ असे न विचारता ‘तुमचे उत्तम असे तीन निबंध द्या आणि प्रत्येकात तुम्ही काय केलेत ते सांगा’ असे विचारावे, आणि दिलेले तीन निबंध मुलाखतीपूर्वी वाचून यावे. मार्गदर्शकाने काम सुरू होण्याआधीच विद्यार्थ्याशी नावांचे बोलणे करून ते कागदावर उतरवावे. यासाठी आयोगाच्या परिपत्रकाची गरज नाही, निधीचीही नाही. वाचायला थोडा वेळ लागतो आणि दुसऱ्याचे नाव आपल्या आधी लिहायला थोडे मोठे मन लागते, इतकेच.