सुकाणू यंत्राच्या हाती : शिडाच्या बोटीवरचा ऑटोपायलट
(कंधार येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय ऐकून काही जण हसले असतील. समुद्र इथून कुठल्या कुठे, आणि हा माणूस कंधारात येऊन शिडाच्या बोटीवर बोलणार! पण आपल्या गावाला समुद्र अगदीच परका नाही. राष्ट्रकूटांच्या काळातल्या इथल्या तळ्याला लोक ‘जगत्तुंग समुद्र’ म्हणतात. किल्ल्याचा खंदकही पाण्याचाच. म्हणून इथं हे बोलायला मला संकोच वाटत नाही.

आधी एक ओळखीचं चित्र डोळ्यांपुढं आणा. बाजार आटोपून रात्री बैलगाडी गावाकडं निघाली आहे. गाडीवानाचा डोळा लागलाय, कासरा सैल पडलाय, तरी बैल बरोबर घरापुढं येऊन उभे राहतात. बोटीवर हे काम करणाऱ्या यंत्राला ऑटोपायलट म्हणतात. हे यंत्र बैलाइतकं शहाणं असतं का, आणि त्यामुळं बोट नुसती सरळ चालते की चांगलीही चालते, हा आजचा विषय.

याची गरज का पडते ते पाहा. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून ‘तारिणी’ घेऊन निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ ला गोव्यात परतल्या. बोट साधारण १७ मीटर लांब, तीही गोव्यातच बांधलेली. माणसं दोनच. आता हिशेब करा. सुकाणू सतत हातानं धरायचं म्हटलं तर प्रत्येकीच्या वाट्याला रोज १२ तास येतात. मग स्वयंपाक कधी, शिडं कधी बदलायची, दुरुस्ती कधी, झोप कधी? थकलेला माणूस समुद्रावर चुका करतो, आणि तिथं चूक सुधारायला दुसरी संधी मिळेलच असं नाही. म्हणून लांबच्या प्रवासात ऑटोपायलट ही चैन नाही, तो बोटीवरचा जादा गडी आहे. तो जेवत नाही, कुरकुर करत नाही. मात्र वीज खातो, आणि भरपूर खातो.

हे यंत्र चालतं कसं? त्याचे तीन भाग. पहिला भाग जाणीव घेणारा. त्यात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आणि बोट किती वेगानं वळतेय, डोलतेय, कलतेय हे मोजणारे संवेदक असतात. दुसरा भाग म्हणजे छोटा संगणक. तिसरा भाग म्हणजे सुकाणू ढकलणारी मोटर किंवा हायड्रॉलिक पंप.

यातलं गणित जुनं आहे. १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की या शास्त्रज्ञानं जहाजाचे सुकाणूवाले कसं काम करतात यावरून ते मांडलं. चांगला सुकाणूवाला फक्त ‘आत्ता दिशा किती चुकली’ एवढंच बघत नाही. चूक किती वेळ टिकून आहे हेही तो बघतो, आणि ती किती वेगानं वाढतेय किंवा कमी होतेय हेही. बोट परत वाटेवर येऊ लागली की तो सुकाणू आधीच सोडायला लागतो. नवशिका तसं करत नाही, म्हणून त्याची बोट सापासारखी वळत जाते. साधा ऑटोपायलट या नवशिक्यासारखा, हुशार ऑटोपायलट मुरलेल्या माणसासारखा.

आता खरी गंमत वाऱ्याची. ऑटोपायलटला तीन तऱ्हेनं हुकूम देता येतो. एक, होकायंत्राची ही दिशा धर. दोन, जीपीएसवरच्या त्या ठिकाणाकडं चल. तीन, वाऱ्याशी अमुक कोन ठेव. पहिले दोन इंजिनच्या बोटीला ठीक आहेत. शिडाच्या बोटीचं इंजिन मात्र वाराच. वारा फिरला आणि यंत्र जुनीच दिशा धरून बसलं, तर शिडं फडफडतात किंवा बोट नको इतकी कलते.

पण वारा म्हणजे नेमका कोणता? हवा स्थिर असताना मोटरसायकलवर लोह्याला जाऊन बघा. समोरून वारा लागतो. तो तुमच्या वेगाचा वारा. बोटीवर खरा वारा आणि वेगाचा वारा यांची बेरीज जाणवते, तिला भासमान वारा म्हणू. समजा, खरा वारा बरोबर बाजूनं, ९० अंशांवरून, १२ नॉटनं येतोय आणि बोट ६ नॉटनं चाललीय. भासमान वारा नाकासमोरून सुमारे ६३ अंशांवर येतो. आता लाटेच्या उतारावर बोट घसरून ८ नॉट झाली. खरा वारा होता तसाच आहे, पण भासमान वारा ५६ अंशांवर, म्हणजे पुढं सरकला.

भासमान वाऱ्यावर लावलेलं यंत्र इथं फसतं. त्याला वाटतं वारा फिरला, म्हणून ते बोट वाऱ्यापासून दूर वळवतं. लाट सरली, वेग उतरला, की परत उलटं. खरा वारा मोजणारं यंत्र जागेवर शांत राहतं. म्हणून साधा नियम असा : वाऱ्याच्या तोंडावर जाताना भासमान वारा धरा, वारा पाठीमागून असेल तेव्हा खरा वारा धरा. अर्थात खरा वारा काढायला बोटीचा वेग अचूक लागतो. वेग मोजणाऱ्या चकतीत शेवाळ अडकलं असेल, तर सगळं शहाणपण चुकीच्या आकड्यावर उभं राहतं.

आता माझा मुख्य मुद्दा. यंत्र कितीही हुशार असो, बोट समतोल नसेल तर ते फक्त जास्त झगडतं. गाडीत ओझं एका अंगाला भरलं की गाडीवानाला घडीघडीला कासरा ओढावा लागतो. त्यात दोष बैलाचा नसतो, भरणाऱ्याचा असतो. सुकाणू पाण्यात जितकं तिरकं, तितका तो ब्रेक. ४-५ अंश चालतात. सतत १० अंश लागत असतील तर समजा, शिडं जास्त झालीत. मग मोठं शीड आखडून घ्या, म्हणजे रीफ घ्या. शीड कमी केल्यावर बोट उलट वेगानं जाते, हे नव्या माणसाला पटत नाही, पण आकडा समोर दिसतो.

मीही हे उशिराच शिकलो. मुंबईहून गोव्याला जाताना एका रात्री यंत्र सारखं कण्हत होतं. मी त्याची संवेदनशीलता वाढवत गेलो, ते जास्तच कण्हलं, पहाटे बॅटरी बसली. सुकाणू हातात घेतल्यावर कळलं, बोट वाऱ्याकडं केवढी ओढत होती. शीड आखडलं आणि दोन बोटांनी बोट चालू लागली. तेव्हापासून यंत्र लावण्याआधी मी पाच मिनिटं हातानं बोट चालवतो. हाताला जड लागलं तर यंत्रालाही जड लागणार.

याचा मोठा दाखला आपल्या मुंबईचा आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही सागवानी बोट मुंबईत बांधलेली. १९६८-६९ मध्ये तिच्यावरून त्यांनी एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो पहिला माणूस. वाटेत ऑस्ट्रेलियाच्या आसपास वाऱ्यावर चालणारं त्यांचं स्वयंसुकाणू मोडलं. मग त्यांनी शिडांचा समतोल असा साधला की बोट बऱ्याचदा आपली आपणच वाट धरी. यंत्र गेलं, समतोल कामाला आला.

शेवटी धोक्याचं सांगतो. ऑटोपायलटला डोळे नाहीत. कोकण किनाऱ्यावर रात्री दिवा नसलेली होडी, पाण्यात सोडलेली जाळी त्याला दिसत नाहीत. दर थोड्या वेळानं माणसानंच चौफेर बघायचं. दुसरं, पाण्यात पडलेल्या माणसासाठी ते थांबत नाही. ६ नॉट म्हणजे मिनिटाला सुमारे १८५ मीटर. तुम्ही पाण्यात, आणि बोट इमानदारीनं आपल्या वाटेनं निघून जाते. म्हणून एकटं असताना कमरेचा दोर बोटीला बांधलेला हवाच. आणि सुकाणूच बिघडलं तर यंत्र काय करणार? २०१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांच्या प्रदक्षिणेत ‘तारिणी’च्या सुकाणूत बिघाड झाला, तेव्हा मॉरिशसला थांबून दुरुस्ती करावी लागली होती.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग माणसाचं काम उरलं काय?)

छान विचारलंत. गाडीवानाचं जे उरतं तेच. ओझं नीट भरणं, वाट ठरवणं आणि जागं राहणं. यंत्र हात मोकळे करतं. ते मोकळे हात शिडांना लावले तर बोट पळते, उशाखाली घेतले तर एक दिवस खडकावर जाते.

एवढं बोलून थांबतो.