विजेच्या सायकलीचे झिजलेले दाते

बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरील आपल्या खेड्यांतून विजेची सायकल आता अधूनमधून दृष्टीस पडू लागली आहे. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत पाच-सात मैलांची ये-जा रोज करणारा शिक्षक, दूध घालणारा तरुण, तालुक्याच्या गावी दुकानात कामास जाणारी मुलगी, अशांस ही गाडी सोयीची वाटते. २५० वॉटच्या आतील मोटार व ताशी २५ किलोमीटरच्या आतील वेग एवढी मर्यादा पाळली, तर तिला नोंदणी नको व चालविणाऱ्यास परवानाही नको. पेट्रोलचा खर्च तर नाहीच.

परंतु वर्ष-दोन वर्षांनी एखाद्या चढावर ती अकस्मात 'कडकड' वाजू लागते. मोटार फिरत असल्याचा आवाज येतो, पण चाकाला जोर म्हणून लागत नाही. गाडी ढकलत दुकानी नेली की उत्तर ठरलेले, "मोटार गेली, नवी घाला." नवी मोटार म्हणजे गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा. ज्या घरात ती गाडी हप्त्याने घेतलेली असते, त्या घरी हे उत्तर ऐकून काय होत असेल हे वाचकांस सांगावयास नको. आणि खेदाची गोष्ट ही की, पुष्कळदा मोटार गेलेलीच नसते. गेलेले असतात ते तिच्या पोटातील तीन लहानशा नायलॉनच्या चाकांचे दाते. आणि ती चाके बदलता येतात.

मागच्या चाकाच्या मध्यभागी जो जाडसा डबा दिसतो, त्यातच मोटार असते. असे डबे दोन जातींचे. एकात दाते मुळीच नसतात. मोटार व चाक एकच होऊन फिरतात. दुसऱ्यात मोटार वेगाने फिरते व दातेरी चाकांच्या द्वारे आपला वेग उतरवून चाकाला देते. आपली गाडी कोणत्या जातीची हे ओळखणे सोपे आहे. वीज बंद करून मागचे चाक उचला व हाताने पुढे फिरवा. ते साध्या सायकलीप्रमाणे मोकळे फिरले आणि उलटे फिरविताना मात्र किंचित जड लागले, तर आत दाते आहेत असे समजावे. दोन्ही दिशांनी सारखेच जड लागत असेल तर दाते नाहीत, आणि मग या लेखातील निम्मा भाग आपल्या उपयोगाचा नाही.

आतील रचना मोठी गमतीची आहे. मोटारीच्या मध्यावर एक लहान पोलादी दातेरी चाक असते, त्याच्याभोवती तीन नायलॉनची चाके, आणि त्या तिघांना वेढणारे, आतल्या बाजूस दाते असलेले एक मोठे कडे. सूर्याभोवती ग्रह असावेत तशी ही मांडणी. इंग्लंडात जेम्स वॅटने आपल्या वाफेच्या यंत्रासाठी अशाच कल्पनेचा हक्क १७८१ साली नोंदविला होता व त्यास सूर्य आणि ग्रह हेच नाव दिले होते. पुढे १९०२ साली नॉटिंगहॅम येथे स्थापन झालेल्या स्टर्मी-आर्चर कंपनीने तीन वेगांचा हब केला, त्यातही हीच ग्रहमाला होती. विजेची सायकलसुद्धा आपण समजतो तेवढी नवी नाही. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या गृहस्थास मागच्या चाकाच्या तुंब्यात मोटार बसविलेल्या सायकलीचे पेटंट १८९५ साली मिळाले होते.

आता थोडा हिशेब करू. २६ इंची चाकाचा घेर सुमारे दोन मीटर. ताशी २५ किलोमीटर वेगाने ते मिनिटाला सुमारे २०० फेरे घेते. आतील दात्यांचे प्रमाण साधारण साडेचारास एक असे धरले, तर त्या वेळी मोटार मिनिटाला ९०० फेरे घेत असते. हा सारा व्यवहार त्या तीन चाकांच्या दात्यांवरून होतो. ती नायलॉनची का, पोलादाची का नव्हेत, असा प्रश्न कोणीही विचारील. नायलॉन हा १९३५ साली अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाने शोधलेला पदार्थ. तो हलका असतो, पोलादावर फिरताना गोंगाट करीत नाही आणि, आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, फार जोर आला तर तो स्वतः तुटतो पण मोटारीस व कड्यास वाचवितो. घरातील फ्यूजची तार वितळते व दिवे वाचतात, तसेच हे. म्हणून नायलॉनचे दाते तुटले याचा अर्थ गाडी हलक्या प्रतीची होती असा लगेच करू नये.

आपल्या भागात त्यांच्यावर ताण पडावयास कारणेही पुष्कळ आहेत. बिदर शहर तांबड्या जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेले आहे. तेथून मांजरेच्या खोऱ्याकडे उतरले की काळी जमीन. उतरलेला मनुष्य परत चढणार हे आलेच. माणूस, गाडी व पिशवी मिळून १०० किलो वजन धरा. शंभर फुटांस पाच फूट अशा चढावर ताशी १५ किलोमीटर वेगाने जावयाचे तर नुसते वजन वर उचलण्यास सुमारे २०० वॉट लागतात. वारा व रस्त्याचे घर्षण निराळे. म्हणजे २५० वॉटची मोटार तेथेच संपली. त्यावर मागे तुरीचे ५० किलोचे पोते बांधले तर तोच आकडा ३०० वर जातो. कलबुर्गीच्या तुरीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले ही अभिमानाची गोष्ट खरी, परंतु ती तूर सायकलीच्या मागे बांधून, पायडल न मारता, उभ्या चढावर केवळ मुठीच्या जोरावर गाडी सुरू करणे हा त्या तीन चाकांवर अन्याय आहे. जागेवरून निघताना दात्यांवर सर्वांत अधिक जोर येतो. त्यात मे महिन्याचे ऊन. तापलेल्या मोटारीच्या शेजारी नायलॉन नरम पडते, आणि नरम दाता लवकर वाकतो.

दोष ओळखण्याचे काम शांतपणे व क्रमाने करावे. प्रथम आवाज कोठून येतो हे पाहावे. वीज बंद ठेवून केवळ पायडल मारताना खटका बसत असेल, तर दोष साखळीचा अथवा फ्रीव्हीलचा. मोटारीकडे पाहूच नये. पायडल स्थिर ठेवून मूठ फिरविली असता कडकड होत असेल, तरच डब्याचा संशय घ्यावा. सौम्य चढावर थोडी वीज देऊन पाहावे. मोटारीचा सूर चढतो, खड्खड् आवाज होतो व गाडी हिसके देते, असे असेल तर दाते तुटले आहेत. सूर चढतो, आवाज मात्र स्वच्छ, आणि गाडी जागीच, असे असेल तर आतील एकमार्गी क्लच घसरत असण्याचा संभव अधिक. मोटार नुसती थरथरते व सुरूच होत नाही, हा तिसरा प्रकार फसवा आहे. त्याचा आवाज दाते तुटल्यासारखाच भासतो, पण दोष तारेचा असतो. मोटारीस तीन जाड तारा व काही बारीक तारा जातात. त्यांपैकी एखादी सैल झाली अथवा पिनेत पाणी शिरले, तर मोटारीस कोणत्या क्षणी कोठे ओढावे हेच समजत नाही. म्हणून डबा उघडण्यापूर्वी ती जोडणी सोडून, पुसून, पिना सरळ करून पुन्हा घट्ट बसवावी. कित्येक गाड्या एवढ्यानेच बऱ्या होतात.

याहून खात्रीची परीक्षा हाताची. वीज बंद करून, बॅटरी काढून, मागचे चाक उचलावे व सावकाश उलटे फिरवावे. पायडलही उलटे फिरतील, तिकडे लक्ष देऊ नये. उलट्या दिशेने क्लच धरतो व दात्यांमार्फत मोटार फिरते, त्यामुळे हातास एकसारखा हलका विरोध जाणवला पाहिजे. ठराविक जागी 'खट्' होऊन चाक सुटत असेल तर तेथील दाते गेले. विरोध अजिबातच लागत नसेल तर दाते साफ गेले आहेत किंवा क्लच धरत नाही. उलट चाक दगडासारखे जड झाले असेल तर मोटारीची जोडणी सोडून पुन्हा फिरवावे. ते हलके झाले तर दोष कंट्रोलरचा. तसेच जड राहिले तर एक्सलजवळ तारा घासून एकमेकींस लागल्या आहेत काय ते पाहावे.

आळंद तालुक्यातील एका शिक्षकाच्या गाडीवर आम्ही हा प्रयोग होताना पाहिला. एका दुकानाने त्यांस नवी मोटार सांगितली होती व त्यांनी कर्जाची चौकशीही सुरू केली होती. चाक उलटे फिरविताच प्रत्येक फेऱ्यात तोच खटका येऊ लागला. डबा उघडला तेव्हा एका चाकाचे लागून लागून पाच दाते नाहीसे झाले होते व त्यांचा भुगा ग्रीसमध्ये मिसळून राखेसारखा दिसत होता. मोटारीच्या वेटोळ्यास काहीही झाले नव्हते.

डबा उघडण्याचे काम सायकलीच्या चांगल्या मिस्त्रीस करता येते. मात्र गाडी हमीच्या मुदतीत असेल तर आधी विक्रेत्यास विचारावे, कारण डबा उघडला की हमी बहुधा संपते. बॅटरी काढून बाजूस ठेवावी. ३६ व्होल्टची म्हणतात ती पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट असते. तिचे स्वतःचे खोके मात्र कोणीही घरी उघडू नये, तेथे आगीचा धोका आहे. एक्सलवरील वॉशर कोणत्या क्रमाने व कोणत्या बाजूस आहेत याचे छायाचित्र मोबाईलवर काढून ठेवावे. झाकणाचे स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने सैल करावेत. आतील चुंबके बलवान असतात. बोट चिमटू देऊ नये व लोखंडाचा कीस असलेल्या बाकावर हे काम करू नये.

नायलॉनची चाके काढल्यावर तिघांचेही दाते मोजावेत, आणि बाहेरचा व्यास, जाडी व मधल्या छिद्राचे माप कॅलिपरने घेऊन कागदावर लिहावे. "अमुक कंपनीची मोटार" एवढे सांगून मागविलेला माल पुष्कळदा जुळत नाही. मापाने मागविलेला जुळतो. पुणे अथवा हैद्राबादच्या विक्रेत्याकडून पार्सलाने आणता येतो. एकच चाक तुटले असले तरी तिन्ही बदलावीत. दोन जुनी झिजलेली व एक नवे असे बसविले तर सारा भार नव्यावर पडतो. मधले पोलादी चाक व बाहेरचे कडे यांवर बोट फिरवून धार अथवा ओरखडा लागतो का ते पाहावे. जुना भुगा रॉकेलने ओलावलेल्या फडक्याने एकूणएक पुसावा, रॉकेल ओतू नये. नवे ग्रीस नायलॉनला चालणारे घ्यावे व दात्यांपुरतेच लावावे. डबा ग्रीसने भरून टाकला तर ते उडून वेटोळ्यावर व ब्रेकच्या चकतीवर जाते.

येथे एक सूचना करणे भाग आहे. आपल्याकडे लेथवर उत्तम हात असलेले कारागीर आहेत. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर नाजूक बिदरी काम करणाऱ्यांच्या जिल्ह्यात त्याचे नवल नाही. त्यांपैकी कोणी म्हणेल, "नायलॉन कशाला, पितळेची करून देतो, जन्मभर जाणार नाहीत." ती कदाचित जाणार नाहीत, पण मग जोराचा धक्का कड्यावर, क्लचवर व मोटारीवर बसेल, आणि गोंगाट होईल तो निराळाच. आम्ही तरी तसे करवून घेणार नाही.

डबा उघडलाच आहे तर साखळीही मोजावी. सर्व सायकलींच्या साखळीत एका पिनेपासून पुढल्या पिनेपर्यंत अर्धा इंच असतो, म्हणून २४ घरांचे माप बरोबर १२ इंच यावयास हवे. ते १२ इंच व एक-सोळांश झाले तर साखळी बदलावी. एक-अष्टमांश वाढले असेल तर फ्रीव्हीलही बदलावे लागते, नाहीतर नवी साखळी जुन्या दात्यांवरून उडते. दाते कोयत्याच्या टोकासारखे एका बाजूस वाकलेले दिसले की मोजण्याचीही गरज नाही. काळ्या मातीचा चिखल साखळीवर वाळू देऊ नये, पण तो धुण्यासाठी जोराच्या पिचकारीचे पाणी डब्यावर व तारेच्या जोडणीवर मारू नये.

जोडणी झाल्यावर एक्सलचे नट पुरते आवळले आहेत व फिरकी रोखणारी वॉशर खाचेत बसली आहे याची दोनदा खात्री करावी. ती निसटली तर एक्सल स्वतःच फिरतो व तारा पिळून तोडतो. पहिले काही दिवस गाडी सपाट रस्त्यावर, पायडलची जोड देऊन, मागे ओझे न बांधता चालवावी. पहिल्या दिवसाअखेर नट पुन्हा तपासावेत. मापांचा तो कागद व जुन्यांपैकी एक चाक डबीत घालून जपून ठेवावे. पुढच्या वेळी मिस्त्री दुसरा असला तरी मागणी त्यावरूनच करता येईल.